हाताएवढं पिस्तूल

साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. शिपायाच्या हाती रायफल असे; कमरेचं पिस्तूल साहेबाचं. माझे मामू फौजेतून सुभेदार होऊन मिरजेला परतले, तेव्हा आम्ही पोरं विचारायचो, "मामू, पिस्तूल केवढं असतं?" ते म्हणत, "बेटा, हात के बराबर होना." अर्थ फार उशिरा कळला.

ब्रिटिश फौजेनं १८८७ साली वेब्ले रिव्हॉल्व्हर घेतलं. बोअर .४५५, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर. धावून येणारा माणूस एका गोळीत थांबला पाहिजे, हा हिशेब. तो माणूस बहुधा सरहद्दीवरचा पठाण नाहीतर सुदानी, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेचंही तेच. फिलिपाइन्समध्ये .३८ ची गोळी लागूनही मोरो लढवय्ये थांबेनात, म्हणून १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या. प्रेतंही सोडली नाहीत. निष्कर्ष निघाला, .४५ हवी. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

पण गोळी मोठी तसा हाताला बसणारा धक्काही मोठा. घाईनं भरती केलेल्यांना वेब्ले आवरत नसे. त्यांना नेम लवकर शिकवता यावा म्हणून इंग्रजांनी १९३२ मध्ये .३८ चं हलकं एनफिल्ड घेतलं. जर्मन लष्करानं तर १९०८ मध्येच नऊ एमएम पत्करलं होतं. गोळी लहान, पण वेगवान. वेब्लेत सहा गोळ्या, पुढे आलेल्या नऊ एमएम ब्राउनिंगच्या मॅगझिनमध्ये तेरा. स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेनंही हेच ब्राउनिंग पसंत केलं आणि ते ईशापूरच्या कारखान्यात बनू लागलं. .४५ कवटाळून बसलेल्या अमेरिकेनंसुद्धा १९८५ मध्ये नऊ एमएम घेतलं. आपल्याकडे हा बोअर सामान्य नागरिकाला मात्र मना, परवानेवाल्याच्या कमरेला.३२ दिसतं ते त्यामुळे.

बोअर कोणताही असो, पिस्तूल हे शेवटी चार पावलांवरचं हत्यार. समोर एके-४७ असली की पोलिसाला तेवढं जवळ जावं लागतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तसंच झालं. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर पिस्तूलही नव्हतं, नुसती लाठी. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगात शिरल्या तरी सोडली नाही, तोवर सहकाऱ्यांनी त्याला जिवंत पकडलं. २००९ मध्ये ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

ते ऐकायला मामू उरले नव्हते.