वकील नको, असं सांगणारं कलम

पेशवाईत थकलेलं कर्ज वसूल करायला वकील लागत नसे. सावकार स्वतःच तगादा लावायचा. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या तगाद्याचं वर्णन केलंय, साध्या मागणीपासून थेट ऋणकोच्या दारात धरणं धरून बसण्यापर्यंत. सरकार सहसा मध्ये पडत नसे.

इंग्रजी कोर्टं आली आणि हे काम कागदावर गेलं. १८५९ हे वर्ष यात महत्त्वाचं. त्या साली दिवाणी कार्यपद्धतीचा कायदा आला, आणि मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत ठरवली. हेतू कुळाच्या भल्याचा, परिणाम मात्र उलटा! मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा, नाहीतर दावा ठोकायचा. यंत्राला एक स्क्रू बसवावा आणि दुसरीकडे तडा जावा, तसलाच प्रकार.

दावा लागला की काम वकिलाचं. वकीलपत्र, दावा, समन्स, हुकूमनामा, मग दरखास्त आणि जप्ती. लग्नाला, बियाण्याला किंवा पोटाला उचललेली रक्कम, आणि कुळाला लिहिता-वाचता येत नाही. समन्स पोचलं तरी कोर्ट लांब, शिवाय तिथे जाऊन बोलायचं काय? त्यामुळे बरेचसे हुकूमनामे एकतर्फीच होत. रोखा खरा की खोटा, मूळ रक्कम किती, हे विचारायला समोर कोणी नसेच. मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा उसळला तेव्हा लोकांनी रोखे आणि हुकूमनामेच हिसकावून जाळले, ते उगाच नव्हे.

त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा मला फार रोचक वाटतो. त्याच्या ६८ व्या कलमाने शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील, मुखत्यार यांना उभं राहायलाच मनाई केली. न्यायाधीशाला योग्य वाटलं तरच परवानगी. मोठ्या दाव्यात सावकाराने वकील दिला आणि कुळाची ऐपत नसेल, तर ६९ व्या कलमाखाली कोर्ट त्याच्यातर्फे सरकारी वकील उभा करू शके. एकतर्फी हुकूमनाम्यावर तोडगा म्हणून १२ व्या कलमाने न्यायाधीशालाच व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायला लावला. म्हणजे कुळाच्या वकिलाने विचारायचे प्रश्न आता न्यायाधीशानेच विचारायचे. याच कायद्याखाली न्यायमूर्ती रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिलं.

आपल्या बेळगावकरांना हे सगळं लगेच मिळालं नाही बरं का. कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. इकडे तो नंतर आला. तोवर कृष्णेच्या खोऱ्यात सातारकर कुळाला एक न्याय आणि बेळगावकर कुळाला दुसरा. म्हणून जुन्या वाड्यांत त्या काळचे हुकूमनामे सापडले, तर आधी जिल्हा आणि साल बघा, मग रक्कम.