सागरी मीठ, केसांचा पोत आणि कोकणची दमट हवा

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे गाव लागते. समुद्र येथून काही कोस दूर आहे आणि मध्ये तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. तथापि समुद्रावरची दमट हवा येथील घराघरांत पोहोचते. तिची खूण स्वयंपाकघरात दिसते. पाऊस सुरू झाला की बरणीतील खडेमिठाला पाणी सुटते आणि दिवाळीनंतर तेच मीठ पुन्हा कोरडे होते. केसांवर खारे पाणी फवारून त्यांना नैसर्गिक पोत आणण्याची जी रीत अलीकडे रूढ झाली आहे, तिचे यशापयश या बरणीवरून बरेचसे सांगता येते.

समुद्रस्नानानंतर केस वाळले म्हणजे ते किंचित राठ, भरघोस व लहान लहान बटांत विभागलेले दिसतात. हाच परिणाम घरबसल्या साधावा, हा फवाऱ्याचा हेतू. एक किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात. त्यांपैकी तीनचतुर्थांशाहून थोडा अधिक भाग साध्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडाचा असतो आणि उरलेल्यात मॅग्नेशियमची लवणे प्रमुख असतात. बाजारातील पुष्कळ फवाऱ्यांत मॅग्नेशियम सल्फेटही घातलेले आढळते.

ह्या परिणामाची जी उपपत्ती सर्रास सांगितली जाते ती अशी की, मीठ केसांतील पाणी शोषून घेते. ही उपपत्ती तपासून पाहण्याजोगी आहे. समुद्रजलाच्या पृष्ठभागालगतच्या हवेत सुमारे ९८ टक्के सापेक्ष आर्द्रता असते. म्हणजे इतके सौम्य द्रावण केसातून पाणी ओढून घेईल तर अत्यल्पच. द्रावण आटत जाऊन संपृक्त झाले तरी शुद्ध मिठाच्या बाबतीत हा आकडा ७५ वर थांबतो. त्याहून कोरड्या हवेत मिठाचा स्फटिक पाणी घेतही नाही आणि देतही नाही. केस वाळतो तो हवेमुळे. मीठ त्याला वाळवीत नाही.

खरी क्रिया दोन ठिकाणी घडते. केसाचा गाभा केराटीन या प्रथिनाचा असतो व त्याच्या साखळ्या परस्परांशी अनेक प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. यांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, तो ज्या आकारात असेल त्या आकारात, नव्याने जुळतात. ओले केस वेणीत बांधून वाळविले की त्यांना लाट येते ती यामुळेच. (केराटीनमध्ये ज्यांना क्षारबंध म्हणतात ते साखळीवरील धन व ऋण भारांमधील आकर्षण होय, नामसादृश्यावरून त्यांचा संबंध स्वयंपाकाच्या मिठाशी जोडणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक.) गंधकाचे बंध मात्र पाण्याने किंवा मिठाने हालत नाहीत, म्हणून हा पोत एका धुण्यात नाहीसा होतो. दुसरी क्रिया केसाच्या पृष्ठभागावरची. वाळत्या द्रावणाचे थेंब जवळजवळच्या केसांच्या फटींत ओढले जातात व तेथेच त्यांचे स्फटिक होतात. केस त्यामुळे बटांत चिकटतात, त्यांच्यातील घर्षण वाढते आणि एक केस दुसऱ्यावरून सहज घसरत नाही. भरघोसपणाचा भास होतो तो ह्यामुळे.

आता ह्या दोन्ही आधारांचे पावसाळ्यात काय होते ते पाहावे. केस स्वतः आर्द्रताग्राही आहे. जिनीव्हाच्या सोस्यूर याने १७८३ मध्ये प्रसिद्ध केलेला आर्द्रतामापक मानवी केसाच्याच लांबीवर चालत असे. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेल्यावर केस सुमारे दोन टक्क्यांनी लांबतो, आणि संपृक्त हवेत तो आपल्या वजनाच्या जवळजवळ तीनदशांश पाणी घेतो. हे पाणी आत शिरले की नव्याने जुळलेले हायड्रोजन बंध पुन्हा सुटू लागतात. त्याच वेळी, आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की बाहेरचे मीठ चिघळते. बरणीत जे घडते तेच बटेवर घडते. कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात आर्द्रता बहुतेक वेळ ह्या मर्यादेच्या वरच असते; अशा दिवशी फवारलेले केस राठ होण्याऐवजी ओलसर व चिकट राहतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी मात्र अंबाडीसारख्या आतल्या गावी हवा पुष्कळच कोरडी असते आणि तोच फवारा आपले काम करतो.

कच्चे सागरी मीठ अधिक ‘नैसर्गिक’, म्हणून ते वापरावे, असा सल्ला दिला जातो. दमट हवेत तो उलटा पडतो. मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच चिघळते आणि लवणांचे मिश्रण तर त्यातील प्रत्येक घटकाहूनही आधी ओलावते. वसई-भाईंदरकडच्या मिठागरांत मीठ जमल्यावर जे कडू पाणी उरते त्यात हेच लवण साचलेले असते. कोरड्या देशांत ह्या किंचित ओलाव्यामुळे बट लवचीक राहते, हे खरे. येथे त्याची गरज नाही.

तेलाचा प्रश्न याहून निकडीचा आहे. केसाचे बाह्य आवरण टोकाकडे झुकलेल्या सूक्ष्म खवल्यांचे असते. स्फटिकांनी माखलेल्या केसांत फणी घातली की हे खवले घासले जातात; रोज असे केल्यास केसाचे टोक दुभंगते. ह्यावर खोबरेल तेलाचा जुना परिपाठ उपयोगी आहे. मुंबईतील रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धुण्यापूर्वी किंवा नंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो असे दाखविले. खनिज तेल व सूर्यफूल तेल यांना ते साधले नाही. परंतु तेलकट केसांवर खारे पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होऊन ओघळते. तेव्हा एकाच दिवशी दोन्ही उपचार संभवत नाहीत. फवारा मारायचा त्याच्या आदल्या रात्री तेल लावून सकाळी केस धुणे, हीच त्यातल्या त्यात वाट.

अंबाडीहून वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्ण कुंडांकडे रस्ता फुटतो. तानसाकाठच्या ह्या झऱ्यांचे पाणी खारट असून त्यात सोडियमबरोबर कॅल्शियमचेही क्लोराइड असते. कॅल्शियम क्लोराइड मॅग्नेशियमच्या लवणाइतकेच लवकर चिघळते. तेव्हा कुंडात न्हाल्यावर केस भर उन्हाळ्यातही चिकट लागले तर नवल नाही. अशा केसांना लगेच साबण लावला, तर कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा साका केसांवर बसतो व ते निस्तेज होतात. आधी विहिरीच्या अगर नळाच्या गोड्या पाण्याने केस दोनतीनदा खळबळून घ्यावेत आणि मग साबण लावावा.