तांबडी पेटी आणि तिची कांच

शाळेच्या जिन्यापाशीं, साधारण पांचवीच्या मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर, भिंतीला एक लहानशी तांबडी पेटी बसविलेली असते. तिच्या तोंडाला कांच असून आग लागल्यास ती फोडावी, अशा अर्थाचे शब्द तिजवर लिहिलेले असतात. एके दिवशीं मधल्या सुटींत एका लहान विद्यार्थ्यानें तिजकडे बोट दाखवून आम्हांला विचारलें, “सर, ही कांच फुटली तर दंड किती?”

प्रश्न स्वाभाविक होता. कांच फोडूं नये, हें मूल शाळेंत अगदीं आरंभीं शिकतें. आणि ज्याच्या चेंडूनें खिडकी फुटते त्याच्या वडिलांना चिठ्ठी जाते, हेंहि त्यास ठाऊक असतें. परंतु साऱ्या इमारतींत ही एकच कांच अशी आहे, कीं ती फोडण्यासाठींच बसविलेली आहे. हें त्या मुलाला नीट सांगावें म्हणून आम्हीं उत्तर देऊं लागलों, आणि तें उत्तर इतकें लांबलें कीं त्याचाच हा लेख झाला.

प्रथम त्या पेटीच्या अंतरंगाकडे पाहूं. तें फारच साधें आहे. कांचेच्या मागें स्प्रिंगवर बसविलेलें एक बटण असतें, व कांच जागेवर आहे तोंवर ती त्याला दाबून धरते. कांच फुटली कीं बटण मोकळें होतें आणि विजेच्या मार्गांतील एक कळ फिरते. कांचेवर आधींच एक रेघ कोरलेली असते, म्हणून ती अंगठ्याच्या दाबानेंहि मोडते. आणि हाताला जखम होऊं नये म्हणून तिजवर पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. अलीकडील पुष्कळ पेट्यांत कांचेऐवजीं प्लास्टिकची पट्टी असते. ती दाबली असतां आंत सरकते, व पुढें किल्लीनें पूर्ववत् बसवितां येते.

पेट्यांच्या तारा इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळील एका मुख्य फलकाला जोडलेल्या असतात. ह्या तारांतून अगदीं थोडी वीज रात्रंदिवस वाहत असते. असें कां, हें कळण्यासाठीं गस्तवाल्याची हांक आठवावी. ठराविक वेळानें हांक ऐकूं आली, कीं गांव निर्धास्त झोंपतो. हांक बंद पडली, तर गस्तवाल्याला कांहीं झालें असें समजावें. तारेचेंहि तसेंच आहे. वीज वाहणें थांबलें, तर तार तुटली असें जाणून फलकावर दोषाचा पिवळा दिवा लागतो. उलट पेटीची कांच फुटली, तर विजेस दुसरी वाट मिळून प्रवाह वाढतो, तांबडा दिवा लागतो आणि सर्वत्र घंटा वाजूं लागतात. फलकावर इमारतीच्या भागांचीं नांवेंहि असतात, त्यामुळें कोणत्या बाजूची पेटी बोलली हें तत्काळ कळतें.

आतां कोणी विचारील, कीं धूर ओळखणारीं यंत्रें छतावर बसविलेलीं असतां ही पेटी कशास हवी? त्याचें उत्तर असें, कीं धूर छताशीं पोहोंचेपर्यंत तें यंत्र मुकें असतें. परंतु जळक्या तारेचा वास मनुष्याच्या नाकाला त्यापूर्वींच येतो, आणि कोपऱ्यांतील ठिणगी त्याच्या डोळ्यांस आधीं दिसते. म्हणूनच ह्या पेट्या बाहेर जाण्याच्या वाटेवर, दारांपाशीं व जिन्याच्या चौकांत बसवितात. घंटा वाजविण्यासाठीं कोणासहि आगीच्या दिशेनें परत जावें लागूं नये, हा त्यांतील हेतु.

तारेनें आगीची वर्दी देण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत १८५२ सालीं रस्त्यांवर अशा पेट्या बसविण्यांत आल्या. पेटींतील दांडा फिरविला, कीं तिचा क्रमांक तारायंत्रानें मुख्य ठाण्यास पोहोंचत असे. आग कोठें आहे हें ठाण्यास कळे. काय जळत आहे, हें मात्र त्यांस कळत नसे. पेटीची ही मर्यादा आजहि तीच आहे, आणि तिचा एक भयंकर दाखला आपल्या मोरा बंदरासमोरच घडलेला आहे.

मोऱ्याहून लांचेनें भाऊच्या धक्क्याकडे जातांना मुंबईच्या गोद्या दृष्टीस पडतात. त्यांपैकीं व्हिक्टोरिया गोदींत १९४४ च्या एप्रिल महिन्याच्या १४ तारखेस ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज उभें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारों गांठीहि होत्या. दुपारीं साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील कांहीं लोकांस तेथून धूर निघतांना दिसला. परंतु ज्यांचें जहाज त्यांना तें ठाऊक असेलच, अशा समजुतीनें ते गप्प राहिले. प्रत्यक्ष जहाजावर आगीची ओरड झाली ती त्यानंतर सुमारें तासाभरानें!

त्यापुढील गोष्ट आमच्या विषयाशीं अगदीं निगडित आहे. आग मोठी आहे असा निरोप दूरध्वनीनें मुख्य ठाण्यास देण्यासाठीं धक्क्यावरील अग्निशामकांपैकीं एकास पाठविण्यांत आलें. तो धांवत गेला, पण त्या दूरध्वनीला क्रमांक फिरविण्याची तबकडीच नव्हती. तेव्हां त्यानें जवळच्या पेटीची कांच फोडली. त्या मनुष्यानें योग्य तेंच केलें. परंतु पेटीला ‘आग’ एवढा एकच शब्द येतो. दारूगोळा ती काय सांगणार? ठाण्यानें नेहमींच्या आगीला पाठवावयाचे तेवढेच दोन बंब पाठविले. पुढें अधिकारी आले, आणखी बंब आले, टनावारी पाणी ओतलें गेलें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत दुसरा झाला. बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या कांचा फुटल्या अशी नोंद आहे. आपलें मोरा बंदर त्या टापूंतच येतें. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

दुसरा दाखला एका शाळेचा आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरांत ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ नांवाची कॅथॉलिक शाळा होती. १९५८ च्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेस, शाळा सुटण्यास थोडा अवकाश असतां, जिन्याखालीं आग लागली. धोक्याच्या घंटेच्या कळा शाळेंत होत्या, पण त्या अगदीं थोड्या व लहान मुलांचा हात पोहोंचणार नाहीं इतक्या उंचावर होत्या. घंटा वाजली तरी तिचा नाद शाळेंतच राही. अग्निशामक ठाण्याशीं ती जोडलेली नव्हती. शिवाय मुख्याध्यापिकेच्या परवानगीवांचून ती कोणीं वाजवूं नये, असा शाळेचा नियम होता. धूर पाहून एक शिक्षिका परवानगीसाठीं कार्यालयांत गेली, तों मुख्याध्यापिका तेथें नव्हत्या. त्या दुसऱ्या एका वर्गावर शिकवीत होत्या. शिक्षिकेनें परत येऊन आपला वर्ग बाहेर काढला, आणि मग घंटेकडे धांव घेतली. त्या दिवशीं ९२ विद्यार्थी व ३ शिक्षिका-भगिनी मृत्यु पावल्या.

आम्ही स्वतः शिक्षक आहोंत. परवानगी घेऊन बोलावें, परवानगी घेऊन वर्गाबाहेर जावें, हें आम्ही मुलांस रोज शिकवितों, आणि तें योग्यच आहे असें आम्हांस वाटतें. म्हणूनच ही हकीकत वाचून आमच्या मनास फार लागलें. आज्ञाधारकपणा हा सद्गुण खरा. परंतु ह्या एका पेटीपुढें त्याचा अर्थ बदलतो. येथें परवानगी आधींच देऊन ठेवलेली आहे, आणि ती त्या कांचेवर लिहिलेली आहे.

उरणकरांना हा विषय कांहीं परका नाहीं. तेल व नैसर्गिक वायु महामंडळाचा प्रकल्प, वायूवर चालणारें वीजकेंद्र, १९८९ पासून चालूं असलेलें जवाहरलाल नेहरू बंदर, हें सर्व आपल्या तालुक्यांतच आहे, आणि आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील तेथेंच कामावर जातात. महामंडळाच्या प्रकल्पांत २०१९ च्या सप्टेंबरच्या ३ तारखेस सकाळीं लागलेल्या आगींत चार जणांचे प्राण गेले. त्यांपैकीं तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशामक होते. घंटा ऐकून इतर सर्व लोक बाहेर पडतात, आणि हे आंत जातात. आपण केलेली सूचना लवकर आणि खरी असावी, एवढें तरी आपण त्यांचें देणें लागतों.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. आग किंवा संशयास्पद धूर दिसतांच जवळच्या पेटीची कांच फोडावी. तेथून न थांबतां, न ढकलतां, जिन्यानें बाहेर पडावें. उद्वाहनांत पाऊल ठेवूं नये आणि दप्तरासाठीं परत फिरूं नये. बाहेर आल्यावर प्रथम भेटेल त्या वडील माणसास काय जळतांना पाहिलें तें सांगावें, आणि १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करवावा; कारण पेटी ‘कोठें’ तेवढें सांगते, ‘काय’ हें सांगण्याचें काम मनुष्याचें आहे. आणि थट्टेनें ती कांच कधींहि फोडूं नये. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोराची गोष्ट तुम्हांस ठाऊकच आहे. त्या गोष्टींत मेंढरें गेलीं, येथें माणसें जातील.

पालकांसहि एक विनंति आहे. आपण राहतां त्या इमारतींत अशी पेटी असल्यास तिजपुढें कपाट किंवा सायकल ठेवलेली नाहीं ना, रंगाऱ्यानें तिच्या तोंडावरून ब्रश फिरविलेला नाहीं ना, हें पाहावें. आणि घंटा शेवटची कधीं वाजवून पाहिली, हें सोसायटीच्या चिटणीसांस विचारावें. मुलांस ती पेटी एकदां हात धरून दाखवावी.

आमचें हें सारें सांगून झाल्यावर तो लहान विद्यार्थी थोडा वेळ पेटीकडे पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, “म्हणजे, आग दिसली तर आधीं तुम्हांला विचारायला यायचें नाहीं?”

“नाहीं,” आम्हीं म्हटलें, “आधीं कांच फोड. आम्ही घंटा ऐकूं.”