पहिला होलसेल सौदा : किंमत उलटीकडून काढा

मालकाकडून घर ठरावीक किमतीला साठेखताने बांधून घ्यायचे आणि खरेदीखत होण्याआधी तो हक्क थोड्या नफ्याने गुंतवणूकदाराला द्यायचा, याला होलसेल सौदा म्हणतात. नवखा माणूस मालकाच्या किमतीवर आपला नफा चढवतो आणि गिऱ्हाईक शोधत बसतो. गुंतवणूकदार राहायला घर घेत नाही. म्हणून हिशेब त्याच्या शेवटच्या विक्रीपासून मागे आणा.

समजा, वाराणसीत शिवपूर भागातले एक जुने घर दुरुस्तीनंतर ८० लाखांना विकले जाईल. (आकडे उदाहरणापुरते.) दुरुस्ती ९ लाख. गुंतवणूकदाराचे मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी १ टक्का, मिळून सुमारे ४ लाख. अडकलेल्या ६० लाखांवर ९ महिन्यांचे १२ टक्क्यांनी व्याज ५.४ लाख. विक्रीची दलाली ०.८ लाख. त्याचा नफा विक्रीच्या १५ टक्के, म्हणजे १२ लाख. एकूण ३१.२ लाख वजा केले की ४८.८ लाख उरतात. तुमचे दीड लाख यातूनच येणार, म्हणजे मालकाला ४७.३ लाखांपेक्षा जास्त कबूल करू नका. मालक ५२ मागत असेल, तर नमस्कार करून उठा.

८० हा आकडा जाहिरातींतून घेऊ नका. तिथे मागणी असते, विक्री नसते. त्याच गल्लीत अलीकडे झालेले सौदे विचारा. दस्तातली किंमतही कधी कधी कमी दाखवलेली असते, हे लक्षात ठेवा.

आता सर्कल रेट पाहा (महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात तो). त्यानुसार मूल्य ५५ लाख निघाले, तर शुल्क ५५ लाखांवर लागते. शिवाय सौद्याची किंमत त्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असल्याने तो फरक प्राप्तिकरात खरेदीदाराचे उत्पन्न धरला जाऊ शकतो. असा ‘स्वस्त’ सौदा जाणता गुंतवणूकदार घेत नाही.

कायद्याची बाजू इथे इतर राज्यांहून कडक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार साठेखताने मालकी मिळत नाही. उत्तर प्रदेशाने १९७६ च्या दुरुस्तीने साठेखत नोंदणीकृतच हवे असे ठरवले. म्हणजे कच्च्या कागदावर दिलेला विसार धोक्यात. त्या नोंदणीचा खर्चही हिशेबात धरा. ‘खरेदीदार किंवा त्याने सुचवलेली व्यक्ती’ असे शब्द साठेखतात घ्या आणि पुढचा सौदा होणार आहे, हे मालकाला आधीच सांगा. २०,००० किंवा त्याहून जास्त विसार रोखीने देऊ नका, बँकेतूनच द्या.

घाटालगतच्या जुन्या वस्तीत, जिथे ब्रह्माघाट-दुर्गाघाटावर मराठी कुटुंबांचीही जुनी घरे आहेत, हे गणित तसेच्या तसे चालत नाही. गंगेपासून २०० मीटरांच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, दुरुस्तीलाही विकास प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यात वारस चार शहरांत आणि तळमजल्यावर जुना भाडेकरू. तिथे ९ महिन्यांऐवजी २४ महिन्यांचे व्याज धरा, ५.४ लाखांचे १४.४ लाख होतात आणि मालकाला देता येणारी किंमत ३८.३ लाखांवर येते.