बोकडाचं वजन

बालाघाटाच्या रांगेतली, धारूर तालुक्यातली ऊसतोड मजुरांची वस्ती. उन्हाळा सरत आलाय, तरी सकाळी नऊलाच पत्रे तापलेत. दुष्काळानंतर आमच्या मदतसंस्थेनं इथल्या एकल महिलांना उस्मानाबादी शेळ्या दिल्या आहेत. त्यांची देखरेख माझ्याकडे. हातातल्या तक्त्यात रकाने आहेत: जिवंत, मेलेली, विकलेली.

पशुसखी काळ्या शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढते. "बघा ताई, पांढरीफटक. जंत झालेत." शेजारच्या शेळीची पापणी चांगली लालसर आहे. रक्त शोषणारे जंत पोटात वाढले की पापणी अशी पांढुरकी पडते. ती जंताचं औषध वजनाच्या हिशेबानं पाजते. आंत्रविषाराची लसही तिनं पावसाआधीच टोचून घेतली आहे. पाऊस पडून कोवळा चारा फुटला की या रोगानं शेळ्या पटापट जातात. ही पोर याच गावची. शेळ्या वाटणं सोपं असतं, त्या जगतात ते अशा पोरींमुळे.

पुढच्या दारात व्यापारी उभा आहे. बकरी ईद तोंडावर आलीय. तो बोकडाच्या कण्यावरून हात फिरवतो, "अठरा-वीस किलो भरंल," म्हणतो आणि उक्ती किंमत सांगतो. बोकडाची मालकीण मावशी गप्प. पशुसखी लिंबाच्या फांदीला ताणकाटा अडकवते, बोकडाला पोत्याच्या झोळीत घेते. बोकड ओरडतोय, पाय झाडतोय. काटा डुलतो, मग २४ वर थांबतो. व्यापारी स्वतः वाकून बघतो. आता मावशी बोलायला लागतात, आणि चांगल्या ठणकावून.

मी "विकलेली" खाली एक आकडा लिहिते. आमच्या अहवालात तो घट म्हणून जातो, हे मला मुळीच पटत नाही. खरा प्रश्न तक्त्यात नाहीच, म्हणून तोंडी विचारते, "मावशी, यंदा मुकादमाकडून उचल?"

"मागलीच फिटली न्हाई, ताई." कारखान्याला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, एकट्या बाईचा अर्धा. मावशी भावकीतल्या कुणाच्या तरी जोडीनं जातात. ऑक्टोबरपासून हंगाम संपेपर्यंत शेळ्या जावेकडे निम्म्या वाट्यानं असतात. दोन करडं झाली, त्यातलं एक जावेचं. हा वाटा योजना आखताना कुणी धरलाच नव्हता, आणि शेळ्या टिकल्यात त्या त्याच्यावरच.

"ह्या पैशात जुनी बाकी फेडते. मग मुकादमाशी बोलायला तोंड ऱ्हाईल." नोटा मोजून त्या पदराला गाठ मारतात. "आन् ताई, काटा नेऊ नका. वरच्या आळीतले दोन बोकड उद्या जायचेत."

मी काटा पशुसखीच्या नावावर लिहून देते. ती तो खांद्याला अडकवून वरच्या आळीकडे निघालीसुद्धा.