पूल दुमडायचा आठवडा

एप्रिलात आमच्या मुकादमाचे पत्र आले. गुडघे साथ देत नाहीत, या उन्हाळ्यात मी येणार नाही, आपली तुकडी शेजारच्या तुकडीत मिसळली आहे. एवढाच मजकूर. पंचवीस वर्षे ज्या माणसाच्या हाताखाली मी खडी ओढली, त्याने चार ओळींत निरोप घेतला. आणि तोही नेमका या वर्षी! 1926 च्या जुलैत फुर्का खिंडीवरून पहिली गाडी सुरू झाली. यंदा त्या मार्गाची शंभरी.

स्वित्झर्लंडमधल्या या रेल्वेचे जुने दिवस थोडक्यात सांगतो, कारण माझा जीव त्यांत नाही. 1914 साली रूळ ब्रिगहून ग्लेचपर्यंत पोचले. मग महायुद्ध आले, पैसे संपले, कंपनी बुडाली. नव्या कंपनीने राहिलेला मार्ग पूर्ण केला. 1942 पर्यंत विजेच्या तारा आल्या आणि 1947 मध्ये वाफेची चार इंजिने व्हिएतनामला, दालातच्या घाटात चालवायला विकली गेली. हिवाळ्यात खिंड बर्फाखाली जाई, म्हणून दर शरदात तारा उतरवायच्या आणि उन्हाळ्याआधी पुन्हा चढवायच्या. पुढे डोंगराच्या पोटातून 15 किलोमीटरहून लांब बोगदा खोदला गेला. 1981 च्या ऑक्टोबरात खिंडीवरची शेवटची गाडी गेली, 1982 च्या जूनमध्ये बोगदा खुला झाला. ज्या हिमनदीमुळे ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ला तिचे नाव मिळाले, ती हिमनदी त्या दिवसापासून त्या गाडीतून दिसेनाशी झाली. वरचे रूळ उखडायची तयारी सुरू झाली.

ते उखडले गेले नाहीत, याचे श्रेय 1983 च्या डिसेंबरात संस्था काढणाऱ्या मूठभर माणसांना आहे. हाती पैसा नव्हता, इंजिन नव्हते, चालवायची परवानगीही नव्हती. 1990 साली त्यांनी व्हिएतनाममध्ये माणसे पाठवून गंजलेली इंजिने शोधून काढली, जहाजाने परत आणली. पुन्हा वाफ धरलेल्यांपैकी दोघांची नावे ‘फुर्काहॉर्न’ आणि ‘ग्लेचहॉर्न’. ती विंटरथूरच्या कारखान्यात तयार झालेली. आपल्या निलगिरीच्या गाडीची जुनी इंजिनेही त्याच कारखान्यातली, आणि चढावर पकड घ्यायला रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते तीही त्याच पद्धतीची. 1992 मध्ये रिआल्पहून टीफेनबाखपर्यंत पहिली गाडी गेली, पुढच्या वर्षी खिंडीच्या स्थानकापर्यंत, 2163 मीटर उंचीवर. 2000 च्या जुलैत ती ग्लेचला उतरली.

इथून माझे दशक सुरू होते.

मी नेरळचा. वडील माथेरानच्या लाइनवर गँगमन होते. पावसाळ्यात पहाटे पहार खांद्यावर टाकून ते निघत आणि अंगावर लाल चिखल घेऊन परतत. शिकून मी या देशात यंत्रांच्या धंद्यात आलो. 2000 च्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्याने हाताला धरून रिआल्पला नेले. पहार उचलण्याआधी सकाळभर सुरक्षेचे नियम सांगितले गेले. दुपारी एका मोरीतला गाळ उपसायला उतरलो. ओल्या खडीचा, तेलाचा, गंजलेल्या लोखंडाचा वास आला आणि मी घरी आलो.

तेव्हापासून उन्हाळ्यात एक आणि शरदात एक, असे वर्षाला दोन आठवडे मी तिथे राबलो. कुजलेले स्लीपर काढणे, दगडी बांध पुन्हा रचणे, फिशप्लेटचे बोल्ट आवळणे, बोगद्याच्या तोंडाशी साठलेला बर्फ फोडणे. तुकडीत एक निवृत्त पोस्टमन होता, एक दंतवैद्य होता, हॉलंडची एक शिक्षिका होती, दोन जर्मन सुतार होते. पगारी माणसे मोजकी. संध्याकाळी लांब बाकावर सूप आणि पाव. दंतवैद्याच्या हाताला फोड आले की पोस्टमन पट्टी बांधी. तिथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. मुकादमाला मात्र मी मनात शेवटपर्यंत अहोच म्हणत आलो. या कामाला त्यांच्या भाषेत ‘फ्रोनडीन्स्ट’ म्हणतात. शब्द जुना आहे, जमीनदारासाठी करायच्या वेठीचा. त्याच शब्दात लोकांनी आता आपखुशीचे श्रम भरले आहेत. माझ्यासाठी ते श्रमदानच.

शरदातला आठवडा पुलाचा. श्टेफेनबाख नावाच्या ओहोळावर पूर्वी दगडी पूल होता, तो बर्फाच्या लोटाने मोडून नेला. मग 1925 साली तिथे दुमडता येणारा लोखंडी पूल बसवला. ऑक्टोबरात हंगाम संपला की त्याचे तीन भाग सोडवायचे, विंचने ओढून दोन्ही काठांना आणून ठेवायचे आणि लोटाला वाट मोकळी करून द्यायची. उन्हाळा तोंडावर आला की तो पुन्हा जोडायचा. गाडी चालते आहे तोवर दर वर्षी हे काम कुणाला तरी करावे लागते. रेल्वे वाचवली, असे वर्तमानपत्रे भूतकाळात लिहितात तेव्हा मला राग येतो. वाचवली म्हणजे काय? या ऑक्टोबरात पूल राहून गेला तर पुढच्या वसंतात तो दरीत सापडेल.

2006 च्या सप्टेंबरात वडील आले. आदल्या वर्षीच्या 26 जुलैच्या पावसाने माथेरानची लाइन जागोजागी वाहून गेली होती, गाडी बंद होती. मी त्यांना रिआल्पला नेले. त्यांना जर्मन येत नव्हते, मुकादमाला मराठी. दोघे रुळाशेजारी उकिडवे बसले आणि बोटाने एकमेकांना स्लीपर दाखवत राहिले. वडिलांनी हातोडी मागून घेतली, चार बोल्ट ठोकून आवाज ऐकला आणि पाचव्यापाशी मान हलवली. मुकादमाने लगेच पाना आणवला. मग मी पुलाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ त्या ओहोळाकडे बघत राहिले. म्हणाले, “आमचे डोंगरही असेच सांगून येतात रे. आम्हाला दुमडून ठेवायला काही दिले नव्हते.” पुढच्या वर्षी माथेरानची गाडी सुरू झाल्याचे कळवायला त्यांनी मुद्दाम फोन केला होता.

2008 च्या डिसेंबरातली एक गोष्ट मी आजवर लिहिली नाही. कल्याणला एका कार्यक्रमात या कामाबद्दल बोलायला उभा राहिलो. शेवटी एक ज्येष्ठ वक्ते उठले. “पोट भरलेल्यांचे हे चोचले. आपल्याकडे मजूर कमी आहेत का?” सभागृह हसले आणि मी खाली बसलो. वडील दुसऱ्या रांगेत होते. तेव्हा न दिलेले उत्तर आज देतो. ज्याने आयुष्यभर पहार धरली त्याच्यासमोर तुम्ही पहार हलकी ठरवलीत. मजुराची पोटाची कमाई हिरावण्याचा इथे प्रश्नच नव्हता. ज्या लाइनवर पगार द्यायला कुणी उरले नव्हते, तिथे माणसे हात घेऊन गेली. आणि हे गोऱ्यांनी आपल्याला शिकवावे असेही काही नाही. सह्याद्रीच्या गडांवर दर रविवारी टाक्यांतला गाळ काढणारी, पायऱ्या मोकळ्या करणारी, दरीतल्या तोफा दोराने वर ओढणारी आपली मुले तेच करत आली आहेत. त्यांना चोचले म्हणायची हिंमत त्या वक्त्यांनी केली नसती.

2010 च्या ऑगस्टमध्ये ओबरवाल्डपर्यंत रूळ जुळले आणि रिआल्पपासूनचा 17.8 किलोमीटरचा सगळा मार्ग पुन्हा जिवंत झाला. ग्लेचखालच्या वळणदार बोगद्यातून गाडी बाहेर आली तेव्हा पोस्टमन रडत होता. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. गाड्या भरून जाऊ लागल्या. पत्रके रंगीत झाली.

पण त्याच दशकात वर डोंगरात दुसरे काही संपत होते. जी हिमनदी बघायला लोक या मार्गाने येत, ती डोळ्यांदेखत मागे सरकली. तिच्या तोंडाशी तळे साठले. उन्हाळ्यात बर्फ टिकावा म्हणून बर्फातल्या गुहेवर पांढरी कापडे अंथरली गेली, आजाऱ्यावर अंथरावीत तशी. आज ग्लेचच्या फलाटावर उतरलेला प्रवासी वर बघतो तेव्हा त्याला उघडा खडक दिसतो. आम्ही गाडी परत आणली, पण त्या हिमनदीला कोणती तुकडी परत आणणार?

आता तुकड्याही विरळ झाल्या. पोस्टमन गेला, दंतवैद्य गेला, शिक्षिकेचे डोळे गेले. आमच्या बाकावर मागच्या ऑक्टोबरात साठीच्या आतला कुणी नव्हता. गाडीत मात्र जागा मिळत नाही. दर वर्षी मराठी कुटुंबे भेटतात, आनंदाने फोटो काढतात, इंजिनासमोर मुलांना उभे करतात. मी सांगतो की हे सगळे कुणी तरी सुट्टी टाकून केले आहे. “हो का? छान!” म्हणून ते पुढच्या गाडीच्या वेळा विचारतात. याचे मला वाईट वाटते. चालणारी गाडी बघून कुणालाच वाटत नाही की तिला आपली गरज असेल. वडील असते तर म्हणाले असते, लाइन चांगली असली की गँगमन दिसत नाही.

या देशात आज आपली कितीतरी तरुण मुले नोकरीला आहेत, झुरिकला, बाझेलला, बाडेनला. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रिआल्प झुरिकहून अडीच तासांवर आहे. भाषा मोडकी चालते, काम शिकवले जाते. बूट तेवढे जाड तळाचे आणा. हंगाम संपला की ऑक्टोबरात पूल दुमडायचा आहे, आणि या वेळी शेजारच्या तुकडीत मी एकटाच जुना असेन.