घटस्फोट आणि ट्रस्टमध्ये ठेवलेली मालमत्ता

मंडळी, आलापल्लीत ट्रस्ट म्हटलं की देवस्थान किंवा शाळा आठवते. ते सार्वजनिक विश्वस्त संस्थांचं जग. त्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. आज आम्ही बोलणार आहोत ते खासगी ट्रस्टबद्दल, म्हणजे 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्याखालच्या ट्रस्टबद्दल. यात मालमत्ता विश्वस्ताच्या नावावर जाते आणि तिचा फायदा लाभार्थींना मिळतो. नवरा उद्या कोर्टात म्हणू शकतो, "माझ्या नावावर काहीच नाही."

नोव्हेंबर 2023 मध्ये रेमंडच्या गौतम सिंघानियांनी पत्नीपासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. तेव्हाच्या बातम्यांनुसार, पत्नीने स्वतःसाठी आणि दोन मुलींसाठी संपत्तीचा पंचाहत्तर टक्के वाटा मागितला, तर त्यांनी कुटुंबाचा ट्रस्ट सुचवला आणि त्याचा कारभार पाहणारे एकमेव विश्वस्त स्वतः राहायचं म्हटलं. यात कोण बरोबर, हे आम्ही सांगणार नाही. पण ट्रस्टमध्ये किती आहे याच्याइतकंच किल्ली कोणाकडे, हेही महत्त्वाचं असतं, एवढं यातून दिसतं.

इंग्लंडमध्ये 1973 च्या कायद्याने कोर्ट लग्नाशी जोडलेल्या ट्रस्टच्या अटीच बदलू शकतं. 2007 च्या चार्मन खटल्यात बर्म्युडातला ट्रस्टही हिशेबात धरला गेला आणि पत्नीला 4 कोटी 80 लाख पौंड मिळाले. कोर्टाचा प्रश्न साधा होता: नवऱ्याने मागितले तर विश्वस्त पैसे देतील का?

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात नवराबायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी वाटण्याची तरतूदच नाही. (गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक.) आपल्याकडे कलम 25 खाली पोटगी मिळते, तीही नवऱ्याची ऐपत पाहून. 19 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 12 कोटी रुपये पोटगी दिली. पण वेगळं झाल्यानंतर नवरा श्रीमंत झाला म्हणून त्याच्या आजच्या श्रीमंतीशी बरोबरी मागता येणार नाही, असंही सांगितलं.

मग ट्रस्टपर्यंत पोचायचं कसं? समजा, आलापल्लीतल्या एका लाकूड व्यापाऱ्याने आरामशीन आणि नागपूरचा फ्लॅट ट्रस्टला दिला. विश्वस्त त्याचा भाऊ, लाभार्थी तो आणि मुलं. आता बघा, स्थावर मालमत्तेचा असा ट्रस्ट जिवंतपणी करायचा तर दस्त नोंदवावा लागतो. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात इंडेक्स टू शोधली की दस्त कधी झाला ते कळतं. भांडण सुरू झाल्यावरची तारीख असेल तर न्यायाधीश सावध होतात. दस्ताची नक्कल काढायची आणि त्यात तीन गोष्टी पाहायच्या: विश्वस्त बदलण्याचा अधिकार कोणाला, ट्रस्ट मोडता येतो का, आणि उत्पन्न कोणाला किती द्यायचं हे कोण ठरवतं. तिन्हींची उत्तरं नवऱ्यापाशीच येऊन थांबली, तर 'माझं काही नाही' हे म्हणणं टिकवणं त्याला अवघड जातं.

दुसरी वाट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 39 ची. ही फारशी कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही थोडं थांबतो. जमिनीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा एखाद्याचा हक्क असेल आणि ती जमीन मोबदला न घेता दिली गेली, तर घेणाऱ्याविरुद्धही तो हक्क बजावता येतो. ट्रस्टला जमीन बहुधा फुकटच दिलेली असते ना! मात्र आपला हक्क त्या उत्पन्नाशी जोडलेला आहे, हे बाईला दाखवावं लागतं, आणि तिथेच वाद होतो.

शिवाय रजनेश विरुद्ध नेहा या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून पोटगीच्या खटल्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात ट्रस्टकडून मिळणारे पैसे लपवले आणि बँकेच्या उताऱ्यात सापडले, तर बाजू उलटते. म्हणून उतारे मागवण्याचा अर्ज लवकर करावा.

इथल्या गोंड आणि माडिया बायांनी विचारलं, हे आम्हाला लागू आहे का? केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे आधी रूढी पाहिली जाते. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ची पोटगी जात-धर्म न पाहता मागता येते. तिथेही नवऱ्याची ऐपत मोजताना ट्रस्टमधून त्याच्या हातात काय पडतं, हे दाखवता येतं.